हॉलिडे आला की आली?

२००४च्या पावसाळ्यात आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायचं नाही असं तिला बजावलं. आत्या चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती, त्यातली निम्मी रात्रपाळीत. वॉर्ड झोपला की लायब्ररीतून आणलेली रहस्यकथा उघडायची, ही तिची सवय. अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड हे तिला नात्यातल्या माणसांसारखे माहीत होते. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. आता काळा चष्मा लावून डोंबिवलीच्या आमच्या घरात ती खिडकीशी बसून असायची आणि दर अर्ध्या तासाने किती वाजले ते विचारायची.

मी तेव्हा माटुंग्याला कॉलेजात होते. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ठेले आहेत, तिथे इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यात कधीकधी सुटे अमेरिकन कॉमिक्स मिळत. त्यात मला बॅटमनच्या ‘द लाँग हॅलोवीन’चा चौथा अंक सापडला होता. मग पहिला, दुसरा, मग एकदम सातवा. ही तेरा अंकांची मालिका; १९९६च्या हॅलोवीनच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या, सुमारास सुरू होऊन पुढच्या वर्षाच्या अखेरीकडे संपलेली. लेखन जेफ लोएबचं, चित्रं टिम सेलची. एकत्रित पुस्तक निघालेलं होतं, पण ते माझ्या खिशाबाहेरचं होतं. मी अंक जमवत होते, मिळतील तसे, कुठल्याही क्रमाने.

एका संध्याकाळी आत्याला म्हटलं, “एक खुनाची गोष्ट सांगू? पण मधले अंक नाहीयेत माझ्याकडे.”

“सांग. नसतील तिथे आपण विचार करू,” ती म्हणाली.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॉथम शहरावर कार्माइन फाल्कोनी नावाच्या गुंडाच्या घराण्याची सत्ता आहे. लोक त्याला ‘रोमन’ म्हणतात. त्याला खाली खेचायचं म्हणून तिघेजण हातमिळवणी करतात: बॅटमन, पोलीस अधिकारी जिम गॉर्डन आणि सरकारी वकील हार्वी डेंट. कायदा वाकवू, पण मोडायचा नाही, एवढं तिघांत ठरतं. बॅटमन आणि हार्वी रोमनच्या नोटांचा ढीग जाळतात. बदल्यात हॅलोवीनच्या रात्री हार्वीच्या घरात बॉम्ब फुटतो आणि त्याची बायको गिल्डा जबर जखमी होते. त्याच रात्री रोमनचा भाचा जॉनी विटी स्वतःच्या न्हाणीघरात मारला जातो. पॉइंट टू-टूचं पिस्तूल, आवाज दबावा म्हणून नळीवर बसवलेलं बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच, आणि शेजारी सणाची एक खूण. पुढच्या सणाला पुन्हा तेच. मग पुन्हा. वर्तमानपत्रं खुन्याला नाव देतात, ‘हॉलिडे’.

महिन्याला एक अंक, अंकाला एक सण, सणाला एक खून. अमेरिकेतला वाचक अंक विकत घ्यायचा तेव्हा बाहेरचं कॅलेंडर आणि आतलं कॅलेंडर जवळजवळ जोडीने चाललेलं असायचं. हॅलोवीनहून थँक्सगिव्हिंगपर्यंत पोचायला गॉर्डनला जितके दिवस लागले, तितकेच वाचकालाही. मला यातच या मालिकेची खरी करामत दिसते. लेखकाने ताण वाढवायला पानं वापरली नाहीत, पानांच्या मधला महिना वापरला. पोलिसांनी सणाची वाट पाहायची, वाचकाने अंकाची वाट पाहायची, आणि दोघांच्याही हातात तेवढंच, एक पिस्तूल आणि एक बूच.

माझ्याकडे मात्र ती लय नव्हती. माझे अंक फुटपाथवरून येत होते. नववा आधी, आठवा नंतर, तिसरा नाहीच. आत्याला मी जसं मिळेल तसं सांगितलं. एखाद्या आठवड्यात दोन सण, मग महिनाभर काहीच नाही. डोळा बरा झाला, काळा चष्मा गेला, आत्या परत आपली पुस्तकं वाचायला लागली, पण मी कॉलेजातून आले की दारातच विचारायची, “मिळाला का गं पुढचा?”

आणि गोष्ट मराठीत सांगताना एक अडचण पहिल्याच दिवशी समोर आली.

इंग्रजीत ‘हॉलिडे’ हे नुसतं नाव आहे. ते पुरुषाचं की बाईचं, हे तिथे वाक्यामागून वाक्यं झाकून ठेवता येतं. मराठीत ते जमत नाही. “हॉलिडेनं गोळी झाडली” इथपर्यंत ठीक. क्रियापद गोळीच्या मागे जातं आणि झाडणारं माणूस लपून राहतं. “हॉलिडेनं पिस्तूल टाकलं”, तेही चालतं. म्हणजे खून मराठीत अगदी बिनबोभाट सांगता येतो. पण खुनासाठी आधी खोलीत यावं लागतं, आणि नंतर निघून जावं लागतं. “हॉलिडे दारातून आत…” इथे मी थबकले. आला? आली? मी “आला” म्हटलं. विचार न करता म्हटलं. कोट, टोपी, पिस्तूल, माफियाची माणसं; मला वाटलं, आलाच असणार. त्यानंतर प्रत्येक सणाला तो आला, तो गेला, तो अंधारात उभा राहिला. आत्याने कधी टोकलं नाही. पण मला आज असं वाटतं की त्या एका ‘ला’ने मी निम्मे संशयित पहिल्याच संध्याकाळी घरी पाठवून दिले होते.

आत्या खुन्याबद्दल फार विचारायचीच नाही. ती विचारायची, “ती बाई घरी आली का?”

“कुठली बाई?”

“इस्पितळातली. वकिलाची बायको.”

मी गिल्डाची पानं भरभर ओलांडत होते. त्या पानांवर काही घडत नाही. नवरा उशिरा घरी येतो, ती वाट पाहत असते; त्यांना मूल हवंय, पण हार्वीकडे वेळ नाही; रोमनच्या खटल्याने त्याला गिळलंय. अशा पानांवर संवाद थोडे, चौकटी मोठ्या, काळोख भरपूर. टिम सेलला रंग नीट दिसत नसत, तो रंगांध होता. त्याची चित्रं काळ्या शाईवर आणि करड्या छटांवर उभी असत, रंग भरण्याचं काम ग्रेगरी राइटने केलं. या मालिकेत त्या काळ्या शाईचं वजन पानापानावर जाणवतं. एखाद्या दोन पानी चित्रात शब्द पाच-सहाच असतात आणि नजर मात्र तिथेच अडकून राहते. खून घडताना तर रंग बाजूलाच होतात, उरतं ते करडं जग. मारामारीचं पान मी आत्याला दहा मिनिटं रंगवून सांगायचे आणि गिल्डाचं पान एका वाक्यात उरकायचे. ती मला तिथे परत न्यायची. घरी आली का, चालता येतं का, कोण असतं तिच्याजवळ.

नर्सचे प्रश्न आहेत असं मी धरून चालले होते.

मालिकेत त्रुटी आहेत, आणि माझं प्रेम असूनही त्या मला दिसतात. मधल्या महिन्यांत खलनायकांची रांग लागते. जोकर, पॉयझन आयव्ही, रिडलर, स्केअरक्रो, मॅड हॅटर. प्रत्येकाला एक-एक सण वाटून दिल्यासारखं. ते येतात, पानं भव्य होतात, पण तपास जागच्या जागी राहतो. मात्र एक अंक मी कितीही वेळा वाचू शकते, तो सातवा. एप्रिल फूल. रोमन रिडलरला बोलावतो आणि विचारतो, हॉलिडे कोण? रिडलर एकेक संशयित उलगडत जातो. शेवटी हॉलिडे त्याच्यासमोर उभा राहतो (बघा, परत ‘राहतो’), पिस्तूल रिकामं होतं आणि रिडलरला एकही गोळी लागलेली नसते. तेरा अंकांतला हा बरोबर मधला अंक, आणि नेमका याच सणाला खून नाही. आमच्या शेजारी तबल्याचा क्लास चालायचा, त्यामुळे आत्याला मी ते तसंच सांगितलं: सगळ्या मात्रांवर थाप, आणि इथे खाली. तिला ते इतकं आवडलं की तिने मला तो अंक दुसऱ्यांदा सांगायला लावला.

ऑगस्टमध्ये न्यायालयात हार्वीच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकलं जातं. तिथून मालिका धावत सुटते. दहा महिने संथ चाललेली गोष्ट दोन अंकांत घसरणीला लागते. सप्टेंबरच्या ‘लेबर डे’ला खुनी पकडला जातो. रोमनचा धाकटा मुलगा आल्बर्टो. हा नववर्षाच्या रात्री बोटीवर मारला गेला होता, त्याचं प्रेत सापडलं होतं, ओळख पटली होती. आता तो जिवंत आहे आणि सगळे खून आपणच केले म्हणून सांगतो. बापाने कधी मोजलं नाही, म्हणून.

इथे आत्या भडकली. “ओळख पटवली कोणी?”

“शवविच्छेदनवाल्याने.”

“आणि तो?”

“त्याचा जुलैमध्ये खून झाला. चार जुलैला.”

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, “हे जुलैतच का नाही सांगितलंस मला? तेव्हाच कळलं असतं.” मी तिला तो अंक सांगितला होता, पण त्यातला शवविच्छेदनवाला मला किरकोळ वाटला होता, म्हणून त्याचा खून मी “अजून एक मेला” एवढ्यावर संपवला होता. लेखकाने दिलेला धागा मी तोडला होता, फुटपाथच्या ठेल्याने नव्हे. तरीही माझं मत असं की आल्बर्टोचं उत्तर अर्धवट पटतं. मेलेला माणूस उठून बसवणं ही रहस्यकथेतली सवंग सोय आहे, आणि तिच्यासाठी एक खून खर्ची घालून लेखकाने हिशेब जुळवला इतकंच.

शेवटचा अंक परत हॅलोवीनचा. हार्वी आता टू-फेस, म्हणजे अर्धा चेहरा जळालेला खलनायक झालेला आहे, तो रोमनला गोळी घालतो आणि स्वतःहून बॅटमन आणि गॉर्डनपुढे शरण येतो. शरण येताना सांगतो की हॉलिडे दोन होते. बॅटमन आणि गॉर्डन याचा एक अर्थ लावतात: रोमनला या सणाला मारलं ते हार्वीने, म्हणून दुसरा हॉलिडे तोच. प्रकरण बंद.

आणि मग काही पानं उरतात. ख्रिसमसची आदली रात्र. घर सोडून निघालेली गिल्डा तळघरातल्या भट्टीपाशी उभी आहे, कोट आणि टोपी आगीत टाकते आहे, आणि एकटीच, तिथे नसलेल्या नवऱ्याशी बोलते आहे. पहिले खून मी केले. जॉनी विटीचा, मग थँक्सगिव्हिंगला हॉटेलात, आपल्या घरात बॉम्ब ठेवणाऱ्या टोळीचा, मग ख्रिसमसला रोमनच्या अंगरक्षकाचा. रोमन संपला की तुझं काम संपेल, मग आपल्याला मूल होईल. नववर्षाच्या रात्री आल्बर्टो मेला असं कळलं तेव्हा तिला वाटलं, पुढचं हार्वीने हातात घेतलं. म्हणून ती थांबली.

हे कोणी ऐकत नाही. बॅटमन नाही, गॉर्डन नाही. ऐकतो तो फक्त वाचक, आणि वाचकाला पडताळायला काही दिलेलं नाही. आल्बर्टो म्हणतो सगळे मीच केले. हार्वी म्हणतो दोघे होते. गिल्डा म्हणते पहिले तीन माझे. तिन्ही कबुलीजबाब एकत्र ठेवले की बेरीज जुळत नाही, आणि कुठला खोटा ते पुस्तक सांगत नाही.

शेवटचा अंक मला २००६मध्ये मिळाला, गठ्ठ्याच्या तळाशी, मागचं मुखपृष्ठ फाटलेला. त्या दिवशी मी आत्याला सांगितलं नाही, अंकच तिच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून वाक्य न् वाक्य मराठीत करत गेले. तिने ती पानं दोन्ही डोळ्यांनी, चष्मा वर-खाली करत पाहिली. मला आठवतं, गिल्डाच्या तोंडची वाक्यं मी पहिल्यांदा स्त्रीलिंगी क्रियापदांत बोलले. मी गेले, मी थांबले. दोन वर्षं मी “तो आला” म्हणत होते आणि आता माझ्याच तोंडून “मी गेले” निघत होतं. माझा आवाज बदलला.

आत्याने अंक मिटला. “खोटं बोलतेय,” ती म्हणाली.

मला धक्का बसला. दोन वर्षं जिने फक्त गिल्डाची चौकशी केली, तिला गिल्डा पटेल असं मी गृहीत धरलं होतं. मला तर ती लगेच पटली होती. पिस्तुलाच्या नळीवर बाळाच्या बाटलीचं बूच! मूल हवं असलेल्या बाईखेरीज कोणाच्या हाताला ते सुचेल? तेरा अंक ती वस्तू आपल्या डोळ्यांसमोर होती. संथ पानांवर काही घडत नाही असं समजून मी जी ओलांडली, पुरावा तिथेच होता.

आत्याचं म्हणणं वेगळं. “नवऱ्याचं पाप अंगावर घेतेय. त्याच्यातलं चांगलं काहीतरी शिल्लक राहावं म्हणून. अशा बायका मी पाहिल्यात. जळून आलेल्या, आणि म्हणायच्या स्टोव्हचा भडका उडाला.”

मी म्हटलं, पण इस्पितळातून बाहेर पडणं तिला अशक्य होतं का? थँक्सगिव्हिंगला ती तिथे होती.

“अशक्य कशाला? सणाच्या रात्री वॉर्डात असतं कोण? दिवाळीत तीस खाटांना आम्ही दोघी. डॉक्टर एकच, तोही खाली कॅज्युअल्टीत. जायचं तर कोणीही जाईल.” ती थोडा वेळ बोलली नाही. “पण परत आली, हे मला पटत नाही. गेलेली बाई परत येऊन खाटेवर झोपत नाही गं.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे नोकरी लागल्यावर मी एकत्रित पुस्तक घेतलं आणि तिसरा अंक, जो फुटपाथने मला कधीच दिला नाही, तो शेवटी वाचला. मला वाटलं होतं त्यात काहीतरी निर्णायक सापडेल. गिल्डाच्या यादीतला तिसरा खून तोच. काही सापडलं नाही. एकदाही न थांबता पुस्तक सलग वाचलं आणि मी निराश झाले. दोन रात्रींत संपलं. खलनायकांची रांग जास्त लांब वाटली, खून एकमेकांवर आदळले. तेव्हा उमगलं की ही मालिका वाचायला महिने लागायला हवेत. आम्हाला ते महिने चुकीच्या क्रमाने मिळाले, पण मिळाले.

२०२१मध्ये या मालिकेवर दोन भागांत ॲनिमेटेड चित्रपट आला. त्यात गिल्डाचं उत्तर पक्कं करून टाकलंय आणि बॅटमनलाही ते कळतं. मी तो नीट लक्ष देऊन पाहिला, चांगला बनवलेला आहे. पण बॅटमनला कळलं की गिल्डा एका प्रकरणाचा निकाल होते. मूळ पानांवर ती भट्टीपाशी उभी असलेली बाई आहे, जिचं बोलणं खरं मानायचं की नाही हे मला ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना मी हार्वीकडे, त्या घराकडे, त्या बुचाकडे परत बघते. रहस्य अर्धवट टाकणं आणि रहस्य उघडं ठेवणं यांत मला इथे फरक दिसतो. आल्बर्टोच्या प्रेताबद्दल मला परत वाचावंसं वाटत नाही. गिल्डासाठी मी पाच-सहा वेळा वाचलं. टिम सेल २०२२च्या जूनमध्ये गेला. २०२४मध्ये लोएबने पुढची मालिका सुरू केली, वेगवेगळ्या चित्रकारांना घेऊन. ती मी अजून उघडलेली नाही. कधीतरी उघडेन, पण आत्याच्या आधी मला उत्तर कळावं असं वाटत नाही.

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला गेले होते. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन गेलंय. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही दोघी पणत्यांच्या वाती वळत बसलो होतो. खाली मुलं फटाके लावत होती. इतक्या वर्षांत आमच्यात त्या गोष्टीचा विषय क्वचितच निघाला होता. मान वर न करता तिने विचारलं, “ते हॉटेल इस्पितळापासून किती लांब होतं?”

मला समजायला क्षणभर लागला. “पुस्तकात नाहीये गं.”

“रात्री दोनची फेरी झाल्यावर निघाली असेल. त्याआधी नाही जमत.” तिने एक वात तेलात बुडवली, चिमटीत पिळली. “आणि साडेचारच्या आत परत. पाचला टेंपरेचर घेतात.”